गोठ्याखालचं पांढरं लुगडं

यंदाच्या नाताळचा फोटो पाठवला तेव्हा धाकटीचा प्रश्न लगेच आला. "आजी, गोठ्याखालचं पांढरं कापड कुठे गेलं? आणि टेबलावर तो गोल डाग कसला?" मागोमाग थोरल्याने लिहिलं की त्याला चर्चच्या वर्गात नाताळच्या खऱ्या अर्थावर चार ओळी लिहायच्या आहेत, तर आजीने सांगाव्यात. मी दोघांनाही "सवडीने लिहिते" एवढंच कळवलं. सवड होती, पण कापडाची गोष्ट तेव्हा संपलेली नव्हती आणि ती कशी संपेल हे इथे कुणालाच ठाऊक नव्हतं. आता लिहायला हरकत नाही. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. तिलाही अडला तर मला फोन करा, म्हणजे तिच्या मराठीचं काय झालं आहे तेही कळेल.

ते कापड म्हणजे माझ्या आईचं लुगडं. नऊवारी, पांढरं, सुती, बोटभर हिरव्या काठाचं. माझे वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर होते आणि आई हे लुगडं फक्त रविवारी देवळात जाताना नेसायची. देऊळ म्हणजे चर्चच. आमच्या घरी चर्च हा शब्द फारसा नव्हता, आणि इतकं इंग्रजी शिकूनही माझ्या तोंडून अजून देऊळच निघतं. आई गेल्यावर ते लुगडं माझ्याकडे आलं. धुऊन धुऊन इतकं विरलं होतं की हातावर घेतलं तर वजन जाणवायचं नाही. नेसता येत नव्हतं आणि टाकवत नव्हतं. त्याच सुमारास तुमच्या आजोबांनी नाताळच्या देखाव्यासाठी खोक्याच्या फळ्यांचा गोठा केला. त्याच्याखाली अंथरायला काहीतरी हवं होतं, म्हणून ते अंथरलं आणि मग दर वर्षी तेच अंथरत गेले.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. नाताळाआधीचे चार आठवडे म्हणजे आगमनकाळ, त्याच्या पहिल्या रविवारी देवळातून आल्यावर लुगड्याला इस्त्री करायची, जुन्या जेवणाच्या टेबलावर ते पसरायचं, त्यावर गोठा, गाय, गाढव, मेंढपाळ, मरीया आणि योसेफ. बाळ नाही. बाळ बिस्किटाच्या डब्यात कापसात असतं आणि पंचवीस तारखेची सकाळची उपासना करून आल्यावरच बाहेर येतं. तोवर गव्हाणी रिकामी. ताऱ्यामागून आलेले ते तीन ज्ञानी, म्हणजे मागी लोक, टीव्हीशेजारून निघतात आणि रोज थोडे पुढे सरकतात. ते कुणी सरकवायचे यावरून तुमची झालेली भांडणं मीच सोडवलेली आहेत. सहा जानेवारीला ते पोचतात आणि त्याच संध्याकाळी मी सगळं पुसून, गुंडाळून माळ्यावर ठेवते. तुमची आई याला आजीचं टाइमटेबल म्हणते. म्हणू दे.

समोरची आजी तर तुमच्या ओळखीचीच. विश्रांतवाडीतल्या आमच्या या इमारतीत त्यांचं दार आमच्या दारासमोर. मूळच्या अमरावतीकडच्या. मुलाला इथे कंपनीत नोकरी लागली तेव्हा तिकडचं घर बंद करून आल्या, बोली मात्र बंद केली नाही. गेल्या खेपेला तुम्ही येऊन गेलात ते "का?"ऐवजी "काहून?" म्हणायला शिकूनच. त्या मला ताई म्हणतात, मी त्यांना वहिनी म्हणते. त्या इथे आल्या त्या पहिल्याच डिसेंबरात, चोवीस तारखेच्या संध्याकाळी, आमच्याकडे डोकावल्या आणि गव्हाणीत वाकून बघून म्हणाल्या, "बाळ कुठं आहे?"

"उद्या येणार," मी म्हटलं.

"मग येणाऱ्याले अंधारात येऊ देता काय?"

आणि घरात जाऊन दिवाळीतली एक पणती घेऊन आल्या, तेलवात करून गोठ्यासमोर लावली. तेव्हापासून चोवीसची पणती त्यांची. आजोबा म्हणायचे, आपल्या देवळातल्या पाळकसाहेबांना हे सांगू नकोस, ते यावर प्रवचन देतील.

त्यांच्या सुनेला दिवस गेले होते हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. सूनबाई मुलाच्याच कंपनीत. हुशार, मोजकं बोलणारी मुलगी. तिने मोबाइलवर लहान मुलांचे कपडे बघायला सुरुवात केली होती, पण सासूबाईंनी एक दुपटंसुद्धा घेऊ दिलं नाही. त्यांच्याकडे तशी रीतच आहे, मूल जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही घ्यायचं नाही, काही शिवायचं नाही. "लेकरू हातात येऊ दे. बाजार कुठं पळून चालला?" सुनेने हसून मोबाइल बाजूला ठेवला. मीही मधे पडले नाही. आमच्या आईनेही माझ्या वेळी काही शिवलं नव्हतं.

नाताळला जेमतेम आठवडा उरला असताना ते बाळ सातव्या महिन्यातच जन्मलं. मुलगी. इतकी लहान की तिला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं की तिला स्वतःचा श्वास स्वतः घेता आला पाहिजे आणि तिचं वजन वाढलं पाहिजे. दोन्ही झालं तर घरी. होईल का, या प्रश्नावर ते म्हणाले, आम्ही आमच्या बाजूने कमी पडणार नाही. डॉक्टर असं बोलायला लागले की माणसाला जे कळायचं ते कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. वहिनी दारात. उंबऱ्याच्या बाहेर, चपला घालूनच.

"आत या ना. चहा टाकते."

"नाही जी. सोयर लागलं आम्हाले. तुमच्या घरी देव मांडला आहे."

तुमच्यासाठी सांगते. घरात मूल जन्मलं की दहा दिवस त्या घरची माणसं पूजाअर्चा करत नाहीत, कुणाच्या देवाधर्माच्या जागी पाऊल टाकत नाहीत. त्याला सोयर म्हणतात.

"आमच्यात सोयर पाळत नाहीत, वहिनी."

"तुम्ही कुठं पाळून राहिल्या? मी पाळून राहिली."

चहाचा कप मी उंबऱ्यावरून दिला आणि मोडा बाहेर सरकवला. त्या बसल्या. कप तसाच धरून म्हणाल्या, "नर्सबाई म्हणते, मऊ सुती कापड आणा. नवं नको, वापरलेलं. स्वच्छ धुऊन, उकळून, इस्त्री करून. दुकानातलं नवं कापड टोचते म्हणे तिले. कातडी पाहा तर कांद्याच्या पापुद्र्यावाणी." आणि मग, "माझ्या सुती साड्या होत्या ना, मायच्या हातच्या. दिवाळीच्या आधी बोहारणीले घातल्या. एक चाळणी देऊन गेली. आता चाळत बसा म्हणावं."

त्यांच्या घरी उरलं होतं ते सगळं झटकून वाळणारं, न चुरगळणारं कापड. म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या. एखादी जुनी चादर, आजोबांचं एखादं धोतर, पंचा, काहीही.

माझी कपाटं तुम्ही पाहिलेली आहेत. कप्प्याकप्प्यावर चिठ्ठी असते. दर उन्हाळ्यात मी जुनं तेवढं बाजूला काढते आणि आमच्या देवळाच्या महिला मंडळाकडे देऊन टाकते. आजोबांचे पायजमे तसेच गेले, विरलेल्या चादरीही तशाच गेल्या. मी एकेक कप्पा उघडून पाहिला. सगळं नीट, सगळं बऱ्यापैकी नवं. आम्ही दोघी बायकांनी आयुष्यभर घर टापटीप ठेवलं आणि आता एवढ्याशा पोरीला गुंडाळायला दोन घरांत मिळून एक चिंधी निघेना.

कपाट बंद करून वळले तर समोर टेबल होतं.

विचार न करता केलं असं मी म्हणणार नाही. विचार केला. आईचा केला, त्या हिरव्या काठाचा केला, ती रविवारी पदर सारखा करत देवळाच्या पायऱ्या चढायची त्याचा केला. मग मेंढपाळ उचलले. गाय, गाढव उचललं. गोठा दोन्ही हातांनी उचलून खुर्चीवर ठेवला आणि लुगडं ओढून घेतलं.

"अवो ताई! काय करून राहिल्या?" वहिनी मोड्यावरून उठल्याच. "ते तर देवाचं आहे!"

"सुती आहे. याच्याहून मऊ या घरात काही नाही."

"देवाखालचं कापड पोरीच्या शी-शूले? पाप लावता काय माझ्या नातीले? आधीच ती त्या पेटीत... नाही जी. ठेवा ते. मी दुसरीकडे पाहतो."

वऱ्हाडात बायका चिडल्या, घाबरल्या की कधी कधी अशा पुरुषासारख्या बोलतात, असं मला वाटायचं. नंतर कळलं की त्यांच्याकडच्या काही बायका एरवीही तशाच बोलतात. पण त्या दिवशी त्या घाबरल्या होत्या. तिचं नाव ठेवलेलं नव्हतं, तिच्यासाठी काही आणलेलं नव्हतं, मोठ्याने कुणी काही बोललं नव्हतं. दृष्ट लागू नये, देव कोपू नये म्हणून करायचं ते सगळं त्यांनी केलं होतं, आणि मी शेजारीण असून देवाचंच कापड घेऊन उभी होते.

मी अनेक वर्षं शब्बाथ शाळेत, म्हणजे देवळाच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, शिकवलं आहे. नाताळचं नाटक बसवलं आहे. बाळ म्हणून एक बाहुली असायची आणि तिला गुंडाळायला कुणाच्या तरी घरचा टर्किश टॉवेल, नवाकोरा. ती गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली होती की ऐकणं बंद झालं होतं. त्या सकाळी दारात उभं राहून जे बोलले ते आधी ठरवलेलं नव्हतं.

"वहिनी, त्या बाळालाही हेच लागलं होतं. त्याची आई परगावी बाळंत झाली, आणि पोराला बाळंत्यात गुंडाळून गुरांच्या गव्हाणीत ठेवलं. एवढंच लिहिलं आहे. सोनं लिहिलं नाही, रेशीम लिहिलं नाही. बाळंती."

वहिनी बारीक आवाजात, "म्हणजे तुमचा देव शू करे?"

"केली असणारच. बाळ होता."

"कपडे कोण धुवे?"

"आईच. नाहीतर योसेफ. ओली बाळंतीण कशी धुवेल?"

"नवऱ्यानं धुतली?" त्यांनी पहिल्यांदाच चहाचा घोट घेतला. "मग चांगली माणसं होती."

लुगडं फाडायला कात्री लागली नाही. जुनं सुती कापड एका टोकाला जरा चिरलं की उभ्या धाग्याने सरळ फाटत जातं. वहिनी उंबऱ्याच्या त्या बाजूला एक टोक धरून, मी या बाजूला दुसरं. टरकन आवाज यायचा, आणि प्रत्येक वेळी त्या "हळू" म्हणायच्या, जसं काही त्याला लागत होतं. काठ मी वेगळा काढत होते, तर म्हणाल्या, "राहू द्या एका दोनले. पोरगी आहे. काठ पाहिजे." मी सगळे तुकडे उकळले, गच्चीवर उन्हात वाळवले, इस्त्री केली. घड्या चौकोनी घातल्या, कारण मला दुसऱ्या घालता येत नाहीत.

चोवीस तारखेला दुपारी आम्ही दोघी रिक्षाने दवाखान्यात गेलो. पिशवी माझ्या मांडीवर. आजी लोकांना आत जाता येत नव्हतं, काचेतून बघायचं. मी चष्मा पुसून पाहिलं, पण इतक्या नळ्या आणि तारा होत्या की त्यांत पोरगी कुठली आणि यंत्र कुठलं ते मला कळेना. सूनबाई बाहेर आली. हिरवा गाऊन, सुजलेले पाय, केस कसेतरी बांधलेले. सासूच्या खांद्यावर डोकं ठेवावं की नाही अशी घोटाळली, मग ठेवलं. तिने सांगितलं की नर्सने तिला शिकवलं आहे, बाळाला कपड्याच्या आत स्वतःच्या छातीशी धरून बसायचं. आईच्या अंगाची ऊब लागली की बाळ श्वास बरा घेतं.

"आता कापड मिळालं," ती पिशवी घेऊन म्हणाली, आणि मला म्हणाली, "काकू, फार मऊ आहे हो."

परत येताना रिक्षात वहिनी म्हणाल्या, "आज चोवीस ना? यंदा पणती नाही होणार माझ्यानं."

"सोयर."

"हो." रस्त्याकडे बघतच त्या पुढे म्हणाल्या, "तुम्हाले वाटत असेल, बाई आपल्याच लेकराले विटाळ मानते. तसं नाही ते. माझी सासू सांगे, सोयर म्हणजे देवानं दिलेली सुट्टी. देव म्हणते, दहा दिवस माझ्याकडे येऊ नका, माझं काही करू नका. त्या लेकराकडे पाहा."

इतक्या वर्षांत नाताळवर इतकं सरळ मी ऐकलेलं नव्हतं, आणि त्यांना तर आपण नाताळबद्दल बोललो हे माहीतही नव्हतं.

"आमच्याकडे थोडंसंच वेगळं आहे," मी म्हटलं. "आमचा देव म्हणतो, माझ्याकडे यायचं असेल तर त्या लेकराकडे पाहा. मीच आहे तो."

"म्हणजे तोच ना. काही वेगळं नाही," असं म्हणून त्यांनी रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

नाताळच्या सकाळी देवळात गर्दी होती. तरुण मुलांनी गिटारवर गीतं म्हटली, म्हातारे बाजाच्या पेटीच्या आठवणीने हळहळले. मग शास्त्रपाठ झाला, तोच दर वर्षीचा. पाळकसाहेब वाचत होते आणि मी बाळंत्यांपाशीच अडले. ती बाळंती आली कुठून? परगावी, भरलेल्या दिवसांत, पायी किंवा गाढवावर, आणि तरी हाताशी बाळंती होती. म्हणजे निघताना मरीयेने ती गाठोड्यात बांधून घेतली होती. तिला माहीत होतं की वाटेतही दिवस भरू शकतील. जुनं कुठलं तरी लुगडं, तिच्या आईचं असेल, तिने फाडलं असेल, घड्या घातल्या असतील. देवदूतांचं गाणं त्यानंतर आलं. आधी एका बाईने चिंध्या घडी करून ठेवल्या होत्या. आमचा देव पृथ्वीवर आला तो त्या घडीच्या भरवशावर आला. कुणी गुंडाळलं नसतं तर तो गारठला असता, आणि इतर लेकरांसारखाच गेला असता. तो तेवढा दुबळा झाला होता. खेळ म्हणून झाला नव्हता, खरोखरचा झाला होता.

घरी येऊन मी डबा उघडला, कापसातून बाळ काढलं आणि गव्हाणीत ठेवलं. खाली कापड नव्हतं. उघडं टेबल आणि त्यावर आजोबांच्या चहाच्या कपाचा गोल डाग, जो मी इतकी वर्षं लुगड्याखाली झाकत आले होते. हा तुझा डाग, धाकटे. आजोबांना बशीखाली काही ठेवायची सवय मी लावू शकले नाही. तसाच फोटो काढला आणि पाठवला. करंज्या, शेव, चिवड्याचं ताट वहिनींना उंबऱ्यावरून दिलं. त्यांनी मोबाइल पुढे केला. सुनेने आतून फोटो पाठवला होता. छातीशी एक पांढरं गाठोडं, त्यातून मुठीएवढं डोकं, आणि कानाशी हिरवा काठ.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण नव्या वर्षाच्या सुरुवातीला ती पोरगी श्वास घ्यायला विसरायला लागली. डॉक्टर हाच शब्द वापरत, विसरते. घेता घेता मधेच थांबायची, मग यंत्र ओरडायचं, नर्स धावायची, तळव्याला टिचकी मारून तिला आठवण करून द्यायची. वाढलेलं वजन पुन्हा उतरलं. काढलेली नळी पुन्हा लावली. सोयर केव्हाच संपलं होतं, वहिनींच्या देव्हाऱ्यात दिवा लागत होता, पण त्या माझ्याकडे येईनात. जिन्यात भेटल्या तर मान हलवून जात. टोमणा नाही, काही नाही.

मी प्रार्थना करत होते. तुमच्याशी खोटं बोलणार नाही, प्रार्थना केली की होईलच असा माझा कधी हिशेब नव्हता. नाताळच्या गोष्टीतच पुढे एक भाग आहे. हेरोद राजाचे शिपाई बेथलेहेमात येतात आणि तिथली बाकीची लेकरं वाचत नाहीत. शब्बाथ शाळेत तो भाग आम्ही गाळायचो. त्या दिवसांत मला तोच आठवत राहिला. देव बाळ होऊन आला म्हणून बाळांना मरण यायचं थांबलं नाही. मग तो आला कशाला, हा प्रश्न थोरल्याने उद्या विचारला तर मी काय सांगणार होते?

सहा जानेवारीला मागी लोक गोठ्यापाशी पोचले. संध्याकाळी मी खोकं काढलं, वर्तमानपत्रं काढली आणि आवरायला घेतलं. दार उघडंच होतं. वहिनी आल्या, आणि या वेळी आत आल्या.

"काढून राहिल्या?"

"आजच्या दिवशी काढायचं असतं."

त्या टेबलाशी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "नका काढू जी. ती घरी येईपर्यंत नका काढू. ते कापड तिच्या अंगावर आहे. इकडचं तुम्ही गुंडाळून टाकलं तर..."

"वहिनी, या सणाची तारीख ठरलेली असते."

"हे तीन जण किती दिवस चालत आले?"

"कुणाला माहीत. काही लोक म्हणतात, पोचेपर्यंत बाळ चालायला लागलं होतं."

"मग त्यांना कसली घाई? राहू द्या उभे."

मी वर्तमानपत्रं परत ठेवली. वहिनी खुर्चीवर बसल्या. गव्हाणीकडे बघत म्हणाल्या, "तुमचा देव काय म्हणते?"

"काही म्हणत नाही. पण तो तिथे आहे, पेटीपाशी, एवढं मी मानते."

"पेटीपाशी तर माझी सून आहे."

"मग दोघं आहेत."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "दोघं असतील तर एकानं तरी झोपावं थोडं."

थोरल्या, तुझ्या चार ओळी बहुधा त्याच संध्याकाळच्या आहेत. चार होतील की नाही ते तू बघ. नाताळ म्हणजे सगळं ठीक होईल असं वचन नव्हे. देव लांबून बघत बसला नाही, तो स्वतः पेटीत आला. कुणाच्या तरी हातांची, उबेची, जुन्या कापडाची गरज लागावी इतका लहान होऊन आला. तेव्हापासून अशा कुठल्याही लेकरापाशी जो बसतो, तो देवापाशी बसलेला असतो, त्याला माहीत असो वा नसो. हे मी वर्षानुवर्षं शिकवत होते. माझ्या आतापर्यंतच्या ओळी याच्याहून गुळगुळीत होत्या, एवढंच.

गोठा तसाच राहिला. कामवाली रोज त्याच्याभोवती पुसायची आणि रोज विचारायची की सण संपला ना. संक्रांत आली, वहिनींनी तिळगूळ दिला. तो देतानाही त्या हळूच म्हणाल्या की काल विसरली नाही, एकदाही नाही. मग हळूहळू नळी निघाली. वजन अगदी चिमटीने वाढावं तसं वाढत गेलं.

आणि एका सकाळी जिन्यात गडबड ऐकू आली. मी दार उघडलं. सूनबाई त्यांच्या उंबऱ्याबाहेर उभी, हातात पोरगी, आणि वहिनी भाकरतुकडा आणि पाणी ओवाळत होत्या. मुलगा मागे पिशव्या घेऊन. वहिनींनी तुकडा टाकला, बाळाच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि वळून मला म्हणाल्या, "पाहून काय राहिल्या? हात धुवा."

मी हात धुतले. सुनेने माझ्या हातांत तिला दिलं. वजन असं काही नव्हतंच. आईचं लुगडं हातावर घेतलं की असंच वाटायचं. तिने एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहून नापसंतीने मिटला. ती श्वास घेत होती. मी तो मोजत नव्हते, पण ऐकत होते.

मग वहिनी तिला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलाला पणती आणायला पाठवलं. गोठ्यासमोर, त्या गोल डागावर, पणती ठेवून लावली. भर सकाळी. "चोवीसची राहिली होती," म्हणाल्या. मग गव्हाणीतल्या बाळाकडे बघून, "याले कापूसच गुंडाळता काय अजून?" आणि मला म्हणाल्या, "चला, आता काढा तुमचा पसारा. जानेवारी संपत आला. लोक काय म्हणतील!"

संध्याकाळी मी सगळं काढलं. मागी लोक, मेंढपाळ, गाय, गाढव वर्तमानपत्रात गेले. बाळाची पाळी आली तेव्हा बेल वाजली. वहिनी. त्यांनी एक घडी माझ्या हातात ठेवली, धुतलेली, इस्त्री केलेली, माझ्यापेक्षा वाईट चौकोनी. हिरव्या काठाचा एक तुकडा. "बाकीचे लागतील अजून. हा तुमच्यावाल्याले."

डब्यातला कापूस मी टाकून दिला. बाळ आता त्या तुकड्यात आहे, माळ्यावर. तुकड्यावर एका कोपऱ्यात फिकट पिवळा डाग आहे, शीचा असणार. तो निघालेला नाही. मी काढायचा प्रयत्नही केलेला नाही. हे तुमच्या आईला सांगा. ती विश्वास ठेवणार नाही.